तयार गेमिंग संगणक : किंमत आणि मोल



आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे, तिचें नांव ऐकून आपणांपैकीं पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आंठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. गेमिंग संगणक! खेळण्यासाठीं घ्यावयाचें यंत्र, आणि किंमत तीन-चार लाख रुपये! परंतु हा प्रश्न आतां मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाहीं. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, इकडे देसाईगंज, गडचिरोली, अहेरी, सर्वत्र तो घराघरांत येऊन बसला आहे. महाविद्यालयांत जाणारा मुलगा मोबाईलवर यंत्राचें चित्र दाखवितो आणि म्हणतो, ‘बाबा, हें घेऊं या ना!’ खेळ चांगला कीं वाईट, हा वाद आज मला करावयाचा नाहीं. तो वाद मी पस्तीस वर्षें वर्गांत करीत आलों आणि मुलें पस्तीस वर्षें खेळत राहिलीं. आजचा प्रश्न निव्वळ व्यवहाराचा आहे. कंपनीनें जुळवून तयार केलेलें हें भारी यंत्र आपल्या किंमतीस उतरतें कीं नाहीं, आणि तें आपण कसें ओळखावें?

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. नोकरींत असतांना एम.एस.-सी.आय.टी.ची परीक्षा दिली, शाळेंतील संगणकांच्या पेट्या उघडून धूळ झाडूं लागलों, आणि निवृत्तीनंतर त्याच गोष्टीची गोडी लागली. त्यामुळें जुने विद्यार्थी यंत्र घेण्यापूर्वीं माझ्याकडे दरपत्रक घेऊन येतात. त्या बैठकींतून जें सुचलें, तेंच आज सांगतों.

आमच्या भागांतील माणसास सागवान ओळखतां येतें. बल्लारपूरच्या आगारांतील सागवान २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिराच्या कामासाठीं रवाना झालें, ही गोष्ट आपण अभिमानानें सांगतों. पण बाजारांतून सागवानी कपाट घ्यावयाचें झाल्यास आपण काय करतों? पुढच्या दारांवरचें पॉलिश पाहून कोणी सौदा ठरवीत नाहीं. कपाट भिंतीपासून ओढून मागची फळी पाहतों, खण बाहेर काढून त्याचा तळ पाहतों; कारण जें हलकें लांकूड खपवावयाचें तें तेथेंच खपविलें जातें. तयार संगणकाचें असेंच आहे. एका बाजूस कांच, आंत रंगीबेरंगी दिवे, आणि कांचेंतून दिसणारें मोठें ग्राफिक्स कार्ड. जें दिसतें तें बहुधा चांगलेंच असतें. जें दिसत नाहीं तें म्हणजे तळाशीं झांकलेला पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, रॅमच्या पट्ट्या आणि माहिती सांठविणारी एसएसडी. जाहिरातींत कार्डाचें नांव ठळक अक्षरांत असतें. पॉवर सप्लायपुढें मात्र ‘८५० वॉट’ एवढेंच लिहिलेलें असतें. तो कोणी केला, कोणत्या प्रतीचा, त्याची हमी किती वर्षांची, याविषयीं मौन. विक्रेता जेथें मौन पाळतो, तेथेंच ग्राहकानें तोंड उघडावें.

आतां किंमतीकडे वळूं. तयार यंत्राच्या किंमतीचे मनांतल्या मनांत तीन वांटे करावे. पहिला सुट्या भागांचा. दुसरा जुळणीचा, म्हणजे भाग जोडून, चालवून, तपासून देण्याचा. तिसरा भरंवशाचा, यंत्र बिघडल्यास कोणी येईल, भाग बदलून देईल, या आश्वासनाचा. पहिला वांटा बाजारांत कोणासही मोजतां येतो. दुसरा लहान असतो. नागपुरांतील दुकानदार दोन-तीन हजारांत यंत्र जोडून देतो, आणि भाग त्याच्याचकडून घेतल्यास पुष्कळदां कांहींच घेत नाहीं. खरी मेख तिसऱ्या वांट्यांत आहे, आणि आमच्या जंगलपट्टींतील माणसानें सर्वांत अधिक विचार त्याचाच करावयास हवा.

एक प्रत्यक्ष हिशेब सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी कोळशाच्या खाणींत नोकरीस आहे. त्याला दोन मुलें. थोरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास. त्याला खेळांतील चित्रें व हालचाली तयार करण्याचें काम शिकावयाचें आहे, आणि अर्थातच खेळावयाचेंही आहे. धाकटी बारावीस, तिला पुढें नागपुरास ठेवावयाची आहे. बापानें चार लाख रुपये बाजूस काढलेले. यंदां संक्रांतीच्या सुमारास तो दरपत्रक घेऊन आला. यंत्र एका नामांकित कंपनीचें, किंमत तीन लाख पासष्ट हजार, मॉनिटर निराळा.

‘गुरुजी,’ तो म्हणाला, ‘पोरगा म्हणतो, एकदां घेतलें कीं सात वर्षें पाहावें लागत नाहीं. तुम्ही सांगाल तें करतों.’

‘मी सांगणार नाहीं,’ मीं म्हटलें. ‘वही काढ. आपण बेरीज करूं.’

मुलगाही जवळ बसला होता. आम्ही तिघांनीं मिळून त्याच यंत्रांतील एकेक भागाचा त्या दिवशींचा बाजारभाव लिहून काढला. आंकडे समजुतीसाठीं गोल करून सांगतों. एन्व्हिडियाचें आर.टी.एक्स. ५०८० कार्ड, एक लाख बारा हजार. ए.एम.डी.चा रायझन ७ ९८०० एक्स-थ्री-डी प्रोसेसर, पंचेचाळीस हजार. मदरबोर्ड चोवीस हजार. बत्तीस जी.बी. रॅम पस्तीस हजार. दोन टी.बी.ची एसएसडी अठरा हजार. चांगल्या प्रतीचा ८५० वॉटचा पॉवर सप्लाय बारा हजार. प्रोसेसर गार ठेवणारी जोडणी अकरा हजार, पंख्यांसह कॅबिनेट दहा हजार, विंडोजचा परवाना बारा हजार. बेरीज झाली दोन लाख एकोणऐंशी हजार. हे भाव १८ टक्के जी.एस.टी. धरून होते. म्हणजे कंपनी शहाऐंशी हजार रुपये अधिक मागत होती. जुळणीचे तीन हजार वजा केले तर त्र्याऐंशी हजार रुपये राहिले ते केवळ भरंवशाचे आणि नांवाचे. आणि त्या भरंवशाची मुदत किती? एक वर्ष!

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. सुटे भाग घेतले म्हणजे हमी मिळत नाहीं, हा समज खोटा आहे. प्रत्येक भागास त्याच्या उत्पादकाची स्वतंत्र हमी असते. पेटीबंद प्रोसेसरला तीन वर्षें, कार्डाला व मदरबोर्डला बहुधा तीन, चांगल्या एसएसडीला पांच, आणि चांगल्या पॉवर सप्लायला पांच, सात, कधीं दहा वर्षेंसुद्धां. तयार यंत्रास मात्र संपूर्ण पेटीची मिळून एक वर्षाची हमी असते. ती वाढवावयाची तर निराळे पैसे. तेव्हां त्र्याऐंशी हजार देऊन आपण हमी वाढवून घेत नसून, एका अर्थीं तिची मुदत कमी करून घेत असतों. अधिक मिळते ती एकच सोय: दहा कंपन्यांच्या दारीं न जातां एकाच ठिकाणीं तक्रार करतां येते. ही सोय मोलाची आहे. परंतु त्र्याऐंशी हजारांची नाहीं.

माझा ढोबळ ठोकताळा असा आहे. सुट्या भागांच्या बेरजेवर दहा टक्क्यांपर्यंत अधिक पडत असतील तर तयार यंत्र निःशंक घ्यावें. घरीं येऊन दुरुस्ती करण्याची तीन वर्षांची लेखी हमी असेल तर पंधरा टक्केही द्यावे. आमच्या हिशेबांत फरक तीस टक्क्यांहून थोडा अधिक पडला होता.

याचा अर्थ तयार यंत्र नेहमीं महागच असतें असा मात्र करूं नये. २०२० च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत ग्राफिक्स कार्डांचा जो दुष्काळ पडला, तो तरुण श्रोत्यांस आठवत असेल. एकीकडे महामारीमुळें पुरवठा तोकडा, आणि दुसरीकडे तींच कार्डें रांगेनें मांडून लोक आभासी चलन काढीत बसलेले. कार्डें जाहीर किंमतीच्या दुपटीनें विकलीं जात होतीं. त्या काळीं कंपनीचें तयार यंत्र घेणें हाच कार्ड वाजवी भावांत मिळविण्याचा मार्ग होता. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियम या चलनानें आपली पद्धति बदलली, कार्डांची त्या कामासाठीं गरज उरली नाहीं, आणि बाजार खालीं आला. २०२५ च्या अखेरीस तोच खेळ रॅमच्या बाबतींत सुरू झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं जीं प्रचंड केंद्रें जगभर उभीं राहूं लागलीं, त्यांनीं मेमरी ओढून घेतली आणि घरगुती ग्राहकाच्या पट्ट्यांचे भाव भडकले. अशा वेळीं एखाद्या दुकानांत जुन्या भावानें तयार केलेलें यंत्र शिल्लक असेल, तर तें सुट्या भागांहून स्वस्त पडूं शकतें. म्हणून ‘तयार वाईट, जोडलेलें चांगलें’ असा मंत्र पाठ न करतां ज्या दिवशीं घ्यावयाचें त्या दिवशीं बेरीज करावी. बेरजेला वीस मिनिटें लागतात.

आतां भारी यंत्रांतही जें सर्वांत भारी, त्याविषयीं दोन शब्द. जानेवारी २०२५ मध्यें एन्व्हिडियानें आपल्या नव्या कार्डांच्या भारतांतील किंमती जाहीर केल्या. आर.टी.एक्स. ५०७० एकोणसाठ हजार, ५०७० टी.आय. ऐंशी हजार, ५०८० एक लाख सात हजार, आणि ५०९० दोन लाख चौदा हजार. म्हणजे शेवटच्या पायरीची किंमत तिच्या खालच्या पायरीच्या नेमकी दुप्पट. काम मात्र दुप्पट होत नाहीं. अगदीं मोठ्या, ‘फोर-के’ म्हणविणाऱ्या पडद्यावर तें सुमारें दीडपट होतें, आणि लहान पडद्यावर हा फरक आणखी आटतो.

पडद्याचें गणित समजून घेण्यासारखें आहे. खेळांतील हालचाल म्हणजे एकामागून एक भराभर काढलेलीं स्थिर चित्रें होत. कार्ड सेकंदाला किती चित्रें काढतें हा एक आंकडा, आणि मॉनिटर सेकंदाला किती चित्रें दाखवूं शकतो हा दुसरा. साधा मॉनिटर साठ चित्रें दाखवितो. कार्डानें दोनशें काढलीं तरी डोळ्यांपुढें साठच येतात. घरांतला जुना साठ हर्ट्झचा मॉनिटर तसाच ठेवून तीन लाखांचें यंत्र घेणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. त्याउलट, मुलें बहुतकरून जे खेळ खेळतात, उदाहरणार्थ २०२० सालीं निघालेला व्हॅलोरंट, ते मुद्दाम साध्या यंत्रांवर चालावे असेच रचलेले आहेत. तेव्हां मुलास पहिला प्रश्न ‘कोणतें कार्ड?’ असा विचारूं नये. ‘कोणता खेळ, आणि कोणत्या पडद्यावर?’ असा विचारावा. उत्तर आलें कीं निम्मा खर्च आपोआप गळतो.

नांवांच्या सारखेपणानेंही फसूं नये. लॅपटॉपमधील ५०९० आणि मेजावरील यंत्रांतील ५०९० हीं नांवानें भावंडें असलीं तरी आंतील चिप निराळी आहे. लॅपटॉपमधील कार्डास वीजही पुष्कळ कमी मिळते. ५०६० टी.आय. नांवाचें कार्ड ८ जी.बी. आणि १६ जी.बी. अशा दोन रूपांत निघालें. दरपत्रकांत तो आंकडा नसेल तर आठ समजून चालावें. ‘आय-सेव्हन’ एवढ्यानें प्रोसेसर कळत नाहीं. त्यापुढचा संपूर्ण क्रमांक मागावा.

येथपर्यंत जें सांगितलें तें पुण्यांतल्या ग्राहकासही लागू आहे. यापुढचें खास आपल्यासाठीं.

मे महिन्यांत चंद्रपुरांत पारा पंचेचाळिशीच्या पुढें जातो हें आपणांस सांगावयास नको. संगणकाचा पंखा हवा गार करीत नाहीं. तो खोलींतली हवा तापलेल्या भागावरून फिरवून उष्णता दूर नेतो, एवढेंच. पाणी फिरवून गार ठेवण्याची जी महागडी जोडणी असते, तीही शेवटीं खोलीच्याच हवेवर अवलंबून असते. खोलीपेक्षां थंड तिला करतां येत नाहीं. म्हणून चिप आणि खोली यांच्या तपमानांतील अंतर स्थूलमानानें कायम राहतें. ज्यांच्या खोलींत पंचवीस अंश असतात, असे परीक्षक सांगतात कीं कार्ड सत्तर अंशांवर चालतें. तेंच कार्ड बेचाळीस अंशांच्या खोलींत सत्त्याऐंशीच्या घरांत जाईल. या कार्डांची मर्यादा नव्वदीच्या आसपास ठेवलेली असते. ती आली कीं कार्ड स्वतःस वांचविण्यासाठीं आपला वेग कमी करतें. म्हणजे पैसे दिले घोड्याच्या चालीचे आणि वैशाखांत मिळाली बैलाची चाल! आणि जितकें कार्ड भारी तितकी वीज अधिक, जितकी वीज अधिक तितकी उष्णता अधिक. ५०७० कार्ड २५० वॉट घेतें, ५०८० हें ३६०, आणि ५०९० तर ५७५. ही सर्व वीज शेवटीं उष्णता होऊन त्याच खोलींत पसरते. भर उन्हाळ्यांत, दार लावून, शेजारीं लहानसा हीटर पेटवून बसण्याचा हा प्रकार आहे.

आमच्याकडे वातानुकूल यंत्रापेक्षां कूलर अधिक. कोरड्या उन्हाळ्यांत कूलरनें खोली चांगली निवते आणि संगणकासही त्याचा उपयोग होतो; परंतु कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊं नये, कारण त्याबरोबर पाण्याचे तुषार आणि क्षार जातात. पावसाळा लागला कीं कूलरचा गुण संपतो. शिवाय दुर्गापूर, घुग्घुस या बाजूस राहणाऱ्यांना कोळशाची बारीक काळी धूळ ठाऊक आहेच. ज्या कॅबिनेटला समोरून व खालून काढून धुतां येईल अशी जाळी नाहीं, तें कितीही सुंदर असो, आमच्या कामाचें नाहीं. पुढून संपूर्ण कांच असलेलीं कॅबिनेटें चित्रांत छान दिसतात; हवा कोठून जावी, याचा विचार त्यांत केलेला नसतो. जाळीचें तोंड असलेलें साधें कॅबिनेट येथें अधिक मोलाचें, आणि बहुधा तें स्वस्तही असतें.

विजेचें पाहूं. आमच्या उशाशीं २९२० मेगावॉटचें महाऔष्णिक केंद्र आहे, त्याची राख आम्ही झेलतों, आणि वळवाचें वादळ आलें कीं अंधारांतही आम्हीच बसतों. पण तें असो. ५०८० कार्डाचें यंत्र खेळतांना पांचशें वॉटच्या आसपास वीज घेतें. रोज चार तास धरले तर दोन युनिटें, महिन्याला साठ. वीजबिलाच्या टप्प्यांत घरगुती वापर शंभराच्या आंत असलेल्या कुटुंबास या साठ युनिटांनीं वरच्या दराच्या टप्प्यांत नेलें, तर बिलांतील वाढ अपेक्षेहून मोठी दिसेल. दुकानदार यंत्राबरोबर ६०० व्हीएचा यूपीएस गळ्यांत मारतात. तो साधारण ३६० वॉटच पेलतो. खेळ चालूं असतां वीज गेली कीं यूपीएसही गेलाच. येथें निदान १००० व्हीएचा, आणि शक्य तर शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस हवा. हा खर्च दरपत्रकांत नसतो, पण तो यंत्राच्याच किंमतीचा भाग आहे.

आतां त्या तिसऱ्या वांट्याकडे परत येऊं. ‘ऑन-साइट वॉरंटी’ हे शब्द छापलेले असतात. त्याखालीं बारीक अक्षरांत असतें कीं ठराविक पिनकोडांसच. तेव्हां पैसे देण्यापूर्वीं कंपनीच्या क्रमांकावर आपला पिनकोड सांगून विचारावें कीं माणूस घरीं येईल काय, किती दिवसांत येईल. आणि उत्तर ई-मेलनें मागून घ्यावें. तोंडी होकाराचा पुढें उपयोग होत नाहीं. चंद्रपूर शहरास होकार मिळेल, बल्लारपुरास मिळेल, मूल-सावलीस कदाचित्. गडचिरोली ओलांडून पुढें गेलें कीं गोष्ट निराळी. सिरोंचा गडचिरोलीहून दोनशें किलोमीटरांच्या पलीकडे. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा संबंध पावसाळ्यांत कितीएकदां तुटला आहे. तेथें जी हमी ‘यंत्र सेवाकेंद्रांत आणून द्या’ म्हणते, ती म्हणजे पंधरा-वीस किलोंची कांचेची पेटी खोक्यांत घालून एस.टी.नें नागपुरास नेणें, आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां आणणें.

अहेरीहून एका शिक्षक मित्रानें मला विचारलें होतें, कीं आम्हां दूरच्या लोकांना तर कंपनीचेंच यंत्र बरें, नाहीं का? बाह्यतः हें खरें वाटतें. विचार केला म्हणजे उलट दिसतें. कंपनीचा माणूस जेथवर पोंचतो तेथवर कंपनीच्या यंत्राचें मोल. त्यापुढें मोल आहे तें सहज सुटणाऱ्या आणि कोठेंही मिळणाऱ्या भागांचें. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें ए.टी.एक्स. नांवाचें एक माप ठरवून दिलें. मदरबोर्डचीं भोकें कोठें असावीं, पॉवर सप्लायचा आकार काय असावा, हें त्यांत निश्चित झालें; म्हणून आज कोणत्याही उत्पादकाचा भाग दुसऱ्याच्या पेटींत बसतो. परंतु कांहीं कंपन्या आपल्या तयार यंत्रांत स्वतःच्याच मापाचा मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय घालतात. हमी संपल्यावर तो पॉवर सप्लाय जळाला कीं बाजारांतला बसत नाहीं. कंपनीकडे मिळाला तर मिळाला. तीन लाखांचें यंत्र दहा हजारांच्या भागासाठीं अडून राहतें. ए.टी.एक्स. मापाचें यंत्र असेल तर अहेरीचा मुलगा चार स्क्रू काढून बिघडलेला भाग तेवढा कुरिअरनें पाठवूं शकतो. म्हणून तयार यंत्र घ्यावयाचेंच असेल तर विक्रेत्यास स्पष्ट विचारावें: मदरबोर्ड व पॉवर सप्लाय ए.टी.एक्स. मापाचे आहेत काय? आणि पेटी मीं उघडली, रॅम वाढविली, तर हमी जाते काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्याखेरीज पैसे देऊं नयेत.

यंत्र घरीं आल्यावर पहिल्याच आठवड्यांत, परत करण्याची मुदत आहे तोंवर, कांहीं गोष्टी पाहाव्या. प्रवासांत जड कार्ड खांचेंतून ढिलें होतें, त्याची वीजवायर अर्धवट निघते. २०२२ सालीं आर.टी.एक्स. ४०९० कार्डांच्या सोळा टोकांच्या जोडणीचें प्लास्टिक वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि प्लग पुरता न बसणें हें त्याचें एक मोठें कारण आढळलें. तेव्हां तो घट्ट बसला आहे ना, हें विजेचें बटन बंद ठेवून बोटानें दाबून पाहावें. मॉनिटरची वायर मदरबोर्डला न लावतां कार्डाला लावावी. ही चूक इतकी सर्वसामान्य आहे कीं लाख रुपयांचें कार्ड महिनोन्‌महिने स्वस्थ बसून राहिल्याचीं उदाहरणें आहेत. रॅम दोन पट्ट्यांत आहे कीं एकाच, आणि दरपत्रकांत लिहिलेल्या वेगानें चालते कीं नाहीं, हें विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें दिसतें. मग एखादा जड खेळ तासभर चालवून कार्डाचें व प्रोसेसरचें तपमान लिहून ठेवावें.

त्या विद्यार्थ्याच्या घरीं पुढें काय झालें, तें सांगतों. बेरीज पाहून मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानेंच विचारलें, ‘गुरुजी, ५०७० घेतलें तर ब्लेंडर चालेल का?’ ब्लेंडर म्हणजे चित्रें व हालचाली तयार करण्याचें विनामूल्य साधन. तें चालतें, आणि शिकणाऱ्यास पुरतें. मीं विचारलें, ‘आणि पडदा कोणता?’ तर तो सत्तावीस इंचांचा, फोर-केहून लहान. मग आम्ही दुसरी यादी केली. ५०७० कार्ड एकोणसाठ हजार, प्रोसेसर वीस हजार, मदरबोर्ड चौदा, रॅम तीच पस्तीस हजारांची, एक टी.बी.ची एसएसडी नऊ, ७५० वॉटचा पॉवर सप्लाय आठ, थंड ठेवणारी जोडणी चार, जाळीचें कॅबिनेट सात, विंडोज बारा. एक लाख अडुसष्ट हजार. रॅम चढ्या भावांत घ्यावी लागली, त्याचें वाईट वाटलें. परंतु पट्ट्यांची आणखी एक जोडी पुढें भाव उतरल्यावर घालतां येईल अशा खांचा मोकळ्या ठेवल्या. पॉवर सप्लायमध्यें मात्र काटकसर करूं दिली नाहीं. यूपीएस आणि मॉनिटर धरूनही चार लाखांतले निम्म्याच्या आसपास पैसे शिल्लक राहिले, आणि मुलीच्या नागपूरच्या खर्चास ते लागतील म्हणून बापानें त्याच आठवड्यांत बँकेंत मुदतीनें ठेवले.

यंत्र नागपुरांतच एका दुकानांत समोर बसून जोडून घेतलें. परत येतांना कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यांत घातलें आणि मुलानें तें चंद्रपुरापर्यंत मांडीवर आणलें. पेटी मेजावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवली आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यांत दुपारीं कूलर बंद असतां मीं जाऊन पाहिलें. खोलींत अडतीस अंश होते, कार्ड ब्याऐंशीवर चालत होतें आणि वेग उतरला नव्हता. सर्व भागांचीं रिकामीं खोकीं त्यानें पावत्यांसह माळ्यावर बांधून ठेवलीं आहेत, कारण भाग हमींत परत पाठवावयाचा झाल्यास तो सुरक्षित जाण्यास त्याच्या मूळ खोक्यासारखें दुसरें कांहीं नाहीं.